नावे, संख्या आणि संस्था : नेदरलँड्समधील राजकीय ज्ञानाची मोजणी

लोकशाही देशांतील वृत्तपत्रांत ठरावीक काळाने एका विशिष्ट प्रकारची बातमी छापून येते. संसदेत किती जागा असतात, वरिष्ठ सभागृह कोण निवडून देते, अमुक पदावर सध्या कोण आहे, अशा प्रश्नांची बरोबर उत्तरे किती थोड्या नागरिकांना देता आली याचे आकडे त्या बातमीत असतात आणि लोकांना आपली राज्यव्यवस्थाच कळत नाही, असा निष्कर्ष त्यांवरून काढलेला असतो. या निष्कर्षाचे परिणाम दूरवर पोहोचतात. त्याच्या आधारे सार्वमताचा अधिकार लोकांच्या हाती देऊ नये असे कधी म्हटले जाते, शाळांच्या अभ्यासक्रमात बदल सुचवले जातात आणि परदेशातून येणाऱ्यांना देशात प्रवेश देण्यापूर्वी परीक्षेला बसवण्याचे समर्थनही केले जाते. नेदरलँड्समध्ये गेल्या पंचवीस वर्षांत या तिन्ही विषयांवर वाद झाले असल्यामुळे, सुट्या माहितीच्या प्रश्नांनी राज्यसंस्थांविषयीचे ज्ञान खरोखर मोजले जाते का, हा प्रश्न तपासायला तो देश विशेष उपयोगी आहे.

त्या देशाची राज्यरचना थोडक्यात अशी आहे. ट्वेडे कामर हे 150 जागांचे कनिष्ठ सभागृह मतदार थेट निवडतात, तर एर्स्टे कामर या 75 जागांच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद मुख्यतः 12 प्रांतांच्या निर्वाचित सभा निवडतात आणि प्रत्येक प्रांताच्या मताचे वजन त्याच्या लोकसंख्येनुसार ठरते. त्याखाली 342 नगरपालिका आहेत, ज्यांचे महापौर निवडून येत नाहीत, तर नगरपरिषदेच्या शिफारशीवरून राजाच्या नावे नेमले जातात. या सगळ्यांच्या बाजूने 21 जलमंडळे काम करतात, म्हणजे बंधारे, कालवे आणि पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या, स्वतःचा कर वसूल करणाऱ्या आणि स्वतःची निवडणूक असणाऱ्या संस्था, ज्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. या परिच्छेदातील प्रत्येक संख्येचा प्रश्न होऊ शकतो आणि स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाची पुस्तके पाहिलेल्या मराठी वाचकाला तो कसा विचारला जाईल याची कल्पना सहज येईल. तथापि या सर्व संख्या अचूक सांगणाऱ्या माणसाला ही व्यवस्था कशी चालते हे कळले आहे, असे त्यावरून म्हणता येईल का, हा मूळ मुद्दा आहे.

या मोजणीला शास्त्राचे रूप दिले ते प्रामुख्याने अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी. मायकेल डेली कार्पिनी आणि स्कॉट कीटर यांनी 1990 च्या दशकात असे दाखवून दिले की पाच नेमके प्रश्न विचारले तरी कोणाला राजकारणाची माहिती जास्त आणि कोणाला कमी, हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते, कारण एका विषयातील माहिती असणाऱ्यांकडे सहसा दुसऱ्या विषयातीलही माहिती असते. उपराष्ट्राध्यक्षांचे पद ओळखणे, कायदा घटनेशी सुसंगत आहे की नाही हे कोण ठरवते ते सांगणे, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार रद्द करण्यासाठी किती बहुमत लागते, प्रतिनिधिगृहात कोणत्या पक्षाचे बहुमत आहे आणि दोहोंपैकी कोणता पक्ष अधिक पुराणमतवादी आहे, हे ते पाच प्रश्न होत. त्यांचे हे काम प्रामाणिक आणि उपयुक्त होते, यात शंका नाही. परंतु त्यातून सिद्ध होते ते एवढेच की या प्रश्नांनी माणसांची क्रमवारी लावता येते. शंभर माणसांत कोण पुढे आणि कोण मागे हे सांगणारे साधन त्या शंभर माणसांना एकूण किती कळते हे सांगू शकेलच असे नाही, आणि वृत्तपत्रांतील निष्कर्ष नेमका या दुसऱ्या प्रकारचा असतो. बरोबर उत्तरांचे प्रमाण प्रश्नाच्या अवघडपणावर अवलंबून असल्यामुळे प्रश्न सोपा केला की जनता सुजाण ठरते आणि अवघड केला की अडाणी ठरते. या दोन दाव्यांतील फरक ध्यानात न घेतल्यामुळे या क्षेत्रातील बरेचसे गैरसमज निर्माण झाले आहेत.

नेदरलँड्सच्या संसदीय निवडणुकांचा शास्त्रीय अभ्यास 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नियमितपणे होत आला आहे. मतदारांच्या मुलाखतींवर आधारलेल्या त्या अभ्यासाच्या अनेक फेऱ्यांत राजकीय ज्ञान मोजण्यासाठी एक वेगळी पद्धत वापरली गेली. उत्तर देणाऱ्यापुढे चार राजकारण्यांची छायाचित्रे ठेवून प्रत्येकाचे नाव, पक्ष आणि पद विचारले जाई आणि बरोबर उत्तरांच्या बेरजेवरून त्या व्यक्तीचे राजकीय ज्ञान ठरवले जाई. या पद्धतीचा एक फायदा आहे. बहुपक्षीय देशात, जिथे एकेका निवडणुकीनंतर पंधरा-पंधरा पक्ष सभागृहात बसतात, तिथे कोणता चेहरा कोणत्या पक्षाचा हे ओळखणे मतदानाच्या कामी येते. पण चेहरा ओळखणे ही दूरचित्रवाणी पाहण्याच्या सवयीशी जोडलेली गोष्ट आहे, आणि चारही राजकारणी अचूक ओळखणाऱ्याला वरिष्ठ सभागृह कायद्यात दुरुस्ती करू शकत नाही, तो फक्त मंजूर किंवा नामंजूर करू शकते, हे ठाऊक असेल असे नाही. छायाचित्रांवरून मिळणारा आकडा राजकारण्यांशी असलेल्या परिचयाचा असतो आणि तो राज्यसंस्थांच्या ज्ञानाचा म्हणून वापरला की मोजमाप आणि निष्कर्ष यांची फारकत होते.

अमेरिकी प्रश्न जसाच्या तसा उचलला तर काय होते, याचे नेदरलँड्स हे फार बोलके उदाहरण आहे. कायदा घटनेच्या विरुद्ध आहे की नाही हे कोण ठरवते, या प्रश्नाचे अमेरिकेतील अपेक्षित उत्तर सर्वोच्च न्यायालय असे आहे आणि भारतीय वाचकालाही ते स्वाभाविक वाटेल. डच राज्यघटनेच्या 120 व्या कलमाने मात्र संसदेने केलेला कायदा घटनेच्या कसोटीवर तपासण्यास न्यायाधीशांना मनाई केली आहे आणि ती जबाबदारी खुद्द कायदेमंडळावर टाकली आहे. त्याच घटनेच्या 94 व्या कलमानुसार, सर्वांना बंधनकारक असलेल्या आंतरराष्ट्रीय करारातील तरतुदीशी विसंगत कायदा न्यायाधीशांनी लागू करायचा नसतो. उर्खेन्डा या संस्थेने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाबाबत सरकारविरुद्ध केलेल्या दाव्यात द हेगच्या जिल्हा न्यायालयाने 2015 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2019 रोजी सरकारच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा आधार घेतला होता. न्यायालय सरकारला रोखू शकते, हे ज्या डच नागरिकाने या खटल्यातून जाणले आहे तो "सर्वोच्च न्यायालय" असे उत्तर देईल आणि कागदावर चूक ठरेल. ज्याने 120 वे कलम पाठ केले आहे पण 94 वे कधी ऐकलेलेही नाही, तो बरोबर ठरेल, आणि संस्थेचे अधिक खरे आकलन या दोघांपैकी पहिल्याकडे आहे असे म्हणावे लागते.

प्रश्नाच्या मजकुराइतकाच तो विचारण्याच्या आणि तपासण्याच्या रीतीचाही परिणाम होतो. जेम्स गिब्सन आणि ग्रेगरी कॅल्डेरा यांनी अमेरिकेच्या 2000 सालच्या राष्ट्रीय निवडणूक अभ्यासातील उत्तरे पुन्हा तपासली, तेव्हा विल्यम रेनक्विस्ट यांचे पद अचूक सांगणारे फक्त सुमारे 10 टक्के ठरले होते, पण त्याचे कारण लोकांपेक्षा तपासणीच्या नियमात होते. रेनक्विस्ट हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आहेत असे म्हणणाऱ्यांनी "सरन्यायाधीश" हा शब्द उच्चारला नव्हता म्हणून त्यांचे उत्तर चूक धरले गेले होते. पर्याय देऊन तोच प्रश्न विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी बरोबर उत्तर दिले. जेफ्री माँडाक यांनी दुसरी अडचण दाखवून दिली. "माहीत नाही" हे उत्तर उपलब्ध असले की काही माणसे खात्री नसताना गप्प राहतात आणि काही बेधडक अंदाज करतात, त्यामुळे मोजला जातो तो काही अंशी स्वभाव. स्त्रिया "माहीत नाही" हा पर्याय पुरुषांपेक्षा अधिक निवडतात आणि स्त्री-पुरुषांच्या राजकीय ज्ञानात दिसणाऱ्या तफावतीपैकी जवळजवळ निम्मी या एका कारणाने निर्माण होते, असे माँडाक आणि मेरी अँडरसन यांच्या 2004 च्या अभ्यासातून पुढे आले. मार्कस प्रायर आणि आर्थर लुपिया यांनी तर बरोबर उत्तरासाठी छोटे बक्षीस ठेवले किंवा उत्तर देण्यासाठी एक दिवसाची मुदत दिली, एवढ्यानेच गुण वाढतात, हे प्रयोगाने दाखवले. माहिती कुठे शोधावी हे माहीत असणे आणि शोधण्याची इच्छा होणे या दोन गोष्टी नागरिकाच्या प्रत्यक्ष जीवनात महत्त्वाच्या असतात, पण अचानक विचारलेल्या आणि तत्क्षणी उत्तर मागणाऱ्या प्रश्नात त्यांना जागाच नसते.

इथपर्यंतच्या अडचणी सुधारता येण्याजोग्या आहेत, कारण प्रश्न नीट लिहिता येतात, तपासणीचे नियम बदलता येतात. अधिक खोल अडचण आहे ती संस्था जाणणे म्हणजे काय, याविषयीची. नेदरलँड्समध्ये राज्य परिषद नावाची एक जुनी संस्था आहे, जी सरकारला प्रत्येक विधेयकावर सल्ला देते आणि त्याच वेळी तिचा एक विभाग नागरिक आणि प्रशासन यांच्यातील अनेक वादांत अंतिम अपिलाचे न्यायालय म्हणून काम करतो. या परिषदेचा अध्यक्ष कोण, असा प्रश्न विचारला तर घटनेच्या 74 व्या कलमानुसार बरोबर उत्तर राजा असे आहे, जरी दैनंदिन कामकाज उपाध्यक्षांच्या हाती असते. हे उत्तर येणाऱ्या नागरिकाला त्याचा आयुष्यभर काही उपयोग होण्याची शक्यता नाही. नगरपालिकेने नाकारलेल्या परवान्याविरुद्ध किंवा कर खात्याने बंद केलेल्या भत्त्याविरुद्ध आधी त्याच कार्यालयाकडे हरकत नोंदवायची, मग जिल्हा न्यायालयात जायचे आणि शेवटी या परिषदेकडे दाद मागता येते, प्रत्येक टप्प्यावर मुदत साधारण सहा आठवड्यांची असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने मात्र ही संस्था जिवंत असते. महाराष्ट्रातही माहिती अधिकार कायद्याचे कलम न सांगता येणारा शेतकरी तालुक्याच्या कचेरीत दहा रुपयांचा अर्ज बरोबर लिहून देऊ शकतो आणि त्याला राज्यसंस्थेचे ज्ञान नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

या भेदाचे मोल नेदरलँड्सला फार मोठ्या किमतीने कळले. पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याच्या प्रकरणात कर खात्याने हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवले. एखादी सही राहिली किंवा स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरल्याचा पुरावा अपुरा पडला तरी संपूर्ण वर्षाचा भत्ता परत मागितला जाई आणि त्यामुळे अनेक कुटुंबे कर्जाच्या गाळात गेली. राष्ट्रीय लोकपालांनी 2017 च्या ऑगस्टमध्ये या पद्धतीवर कठोर अहवाल दिला होता, परंतु राज्य परिषदेच्या न्यायविभागाने ही सर्व किंवा काहीच नाही अशी वसुली ऑक्टोबर 2019 पर्यंत उचलून धरली. संसदीय चौकशी समितीने डिसेंबर 2020 मध्ये हा अभूतपूर्व अन्याय असल्याचे म्हटले आणि 15 जानेवारी 2021 रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. या पालकांपैकी कित्येकांनी योग्य संस्थेकडे, योग्य मुदतीत, योग्य कागद पाठवले होते, तरीही त्यांना न्याय मिळाला नाही, कारण संस्थाच त्यांच्याविरुद्ध एकमेकींना दुजोरा देत होत्या. अशा काळात जनतेला संस्थांविषयी किती कळते हे मोजणाऱ्याने, संस्थांना जनतेविषयी किती कळते, हाही प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो वेळेवर विचारला गेला नाही ही या प्रकरणातील सर्वांत दुःखद बाब आहे.

त्याच 2017 साली, एप्रिल महिन्यात, शासकीय धोरणावर सल्ला देणाऱ्या डच वैज्ञानिक परिषदेने एक अहवाल प्रसिद्ध केला होता, ज्याचा गाभा शीर्षकातच आहे : माहीत असणे म्हणजे करता येणे नव्हे. सरकारचे नियम आखणारे असे गृहीत धरतात की नागरिकाला माहिती दिली की तो त्यानुसार वागेल. परंतु ध्येय ठरवणे, पत्र उघडून वाचणे, अर्ज भरायला बसणे, मुदत पाळणे, नकार आल्यावर पुन्हा प्रयत्न करणे यांसाठी एक वेगळी कृतिक्षमता लागते आणि कर्ज, घटस्फोट, नोकरी जाणे अशा ताणाच्या प्रसंगी ती उच्चशिक्षितांचीही खालावते, असे या परिषदेने दाखवून दिले. याचा अर्थ असा की सुट्या प्रश्नांचे मोजमाप दोन पायऱ्या मागे उभे असते. ते स्मरण मोजते, मग स्मरणावरून ज्ञानाचा आणि ज्ञानावरून वागणुकीचा अंदाज बांधला जातो, आणि प्रत्येक पायरीवर सर्वाधिक चूक होते ती अडचणीत असलेल्या माणसांबाबत.

तरीही सुटी माहिती निरुपयोगी आहे असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. 6 एप्रिल 2016 रोजी नेदरलँड्समध्ये युक्रेनबरोबरच्या सहयोग करारावर सल्लावजा सार्वमत झाले, तेव्हा निकाल ग्राह्य धरला जाण्यासाठी किमान 30 टक्के मतदान आवश्यक होते. कराराच्या समर्थकांपैकी अनेकांनी हा नियम हेरून मतदानाला न जाण्याचे ठरवले, जेणेकरून एकूण मतदान उंबरठ्याखाली राहील. प्रत्यक्षात 32.3 टक्के मतदान झाले, त्यातील सुमारे 61 टक्के विरोधात पडले आणि निकाल ग्राह्य ठरला. समर्थकाने घरी बसावे की मत द्यावे, हा निर्णय त्या दिवशी एका संख्येवर अवलंबून होता आणि ती संख्या माहीत नसणाऱ्याला आपल्या मताचे वजन कळणे शक्य नव्हते. असाच प्रश्न पंतप्रधानाच्या निवडीबाबत विचारता येतो. 22 नोव्हेंबर 2023 च्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाला 37 जागा मिळून तो सर्वांत मोठा ठरला, पण पंतप्रधान झाले ते 2 जुलै 2024 रोजी शपथ घेतलेले आणि कोणत्याही पक्षाच्या यादीवर नसलेले माजी सनदी अधिकारी डिक स्खोफ. सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याने पंतप्रधान व्हावे असा कोणताही घटनात्मक नियम नाही, मध्यस्थांच्या वाटाघाटींतून सभागृहाचा विश्वास मिळवू शकेल असे मंत्रिमंडळ उभे करावे लागते, आणि 2021 च्या निवडणुकीनंतर या कामाला 299 दिवस लागले होते. हे समजलेला मतदार आपल्या मताकडून काय अपेक्षा ठेवावी हे अधिक चांगले जाणतो. म्हणून प्रश्न टाकून देण्यापेक्षा त्याची निवड कशी करावी हे पाहणे श्रेयस्कर आहे. ज्या माहितीच्या असण्या-नसण्याने नागरिकाचा एखादा निर्णय बदलतो ती विचारण्यासारखी, आणि केवळ पाठ्यपुस्तकात आहे म्हणून विचारली जाणारी माहिती मागे ठेवण्यासारखी आहे.

नागरिक अनेक निर्णय स्वतःच्या स्मरणावर विसंबून घेतही नाहीत. कॅलिफोर्नियातील 1988 च्या विमाविषयक सार्वमतांचा अभ्यास करताना लुपिया यांना आढळले की प्रस्तावांचे तपशील माहीत नसलेले, पण विमा कंपन्या कोणत्या बाजूला आहेत एवढे माहीत असलेले मतदार, तपशील जाणणाऱ्यांसारखेच मतदान करतात. नेदरलँड्सने अशा आडवाटेला एक सार्वजनिक साधन बनवले आहे. स्टेमवायझर ही मतदारांसाठीची प्रश्नावली 1989 मध्ये पुस्तिकेच्या रूपात सुरू झाली, 1998 पासून ती इंटरनेटवर उपलब्ध झाली आणि आता द हेग येथील प्रोडेमोस ही लोकशाहीशिक्षणाची संस्था ती चालवते. सुमारे तीस विधानांशी मतदाराने सहमती किंवा असहमती नोंदवायची आणि कोणता पक्ष आपल्या मतांच्या सर्वांत जवळ आहे हे पाहायचे, अशी तिची रीत आहे. 2017 च्या निवडणुकीत ती सुमारे 68 लाख वेळा भरली गेली. आडवाटांवर फार विसंबणे धोक्याचे आहे, कारण विधाने कोण निवडतो यावर निष्कर्ष ठरतो आणि मंत्रिमंडळ बनताना पक्षांना आपली भूमिका सोडावी लागते, याची नोंद अशा प्रश्नावलीत होत नाही. पण एवढे साधन हाताशी असणाऱ्या मतदाराला साधनाविना बसवून पक्षांच्या भूमिका विचारणे आणि त्यावरून त्याला अज्ञानी ठरवणे न्याय्य नाही.

जलमंडळांचा अनुभव आणखी वेगळ्या दिशेने बोट दाखवतो. 2008 मध्ये त्यांची निवडणूक स्वतंत्रपणे, टपालाने घेतली गेली तेव्हा एक चतुर्थांश मतदारांनीही मत दिले नाही आणि जनतेला या संस्थाच माहीत नाहीत असे म्हटले गेले. 2015 पासून ही निवडणूक प्रांतिक सभांच्या निवडणुकीच्या दिवशीच होऊ लागली आणि मतदान 40 टक्क्यांच्या वर गेले. दरम्यानच्या सात वर्षांत लोकांना बंधाऱ्यांविषयी एकाएकी अधिक कळू लागले, असे मानण्याचे कारण नाही. मतपत्रिका हाती पडण्याची सोय बदलली होती, आणि जे अज्ञान म्हणून नोंदले गेले त्याचा मोठा भाग व्यवस्थेच्या आखणीचा होता.

शाळेकडे पाहिले तर मोजणीची एक अधिक सुजाण पद्धत दिसते. आंतरराष्ट्रीय नागरिकशास्त्र अभ्यासात चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलांना माहितीबरोबर तर्काचेही प्रश्न असतात. एखादा प्रसंग देऊन, इथे कोणाचा अधिकार मोडला गेला किंवा या निर्णयाविरुद्ध नागरिक काय करू शकतात, असे विचारले जाते आणि काही उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात. 2016 च्या फेरीत डच मुलांची सरासरी 523 होती, तर डेन्मार्कच्या मुलांची 586. त्याहून चिंताजनक होती ती देशांतर्गत दरी, कारण नेदरलँड्समध्ये बाराव्या वर्षीच मुले व्यवसायपूर्व, मध्यम आणि विद्यापीठपूर्व अशा वेगवेगळ्या शाखांत विभागली जातात आणि नागरिकशास्त्राचे गुण या शाखांनुसार फार वेगळे पडतात. इथे प्रश्नांनी जे दाखवले ते गंभीरपणे घ्यायला हवे होते, आणि ते घेतलेही गेले. नागरिकत्वाच्या शिक्षणाची शाळांवरील जबाबदारी 1 ऑगस्ट 2021 पासून कायद्याने अधिक स्पष्ट करण्यात आली.

परंतु याच देशाने सुट्या प्रश्नांचा सर्वांत कठोर वापरही केला आहे. 15 मार्च 2006 पासून नेदरलँड्समध्ये कुटुंबाकडे राहायला येऊ इच्छिणाऱ्या अनेक परदेशीयांना मायदेशातील डच वकिलातीत परीक्षा द्यावी लागू लागली. "नेदरलँड्सकडे" अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रपट पाहून, त्यातील चित्रांवर आधारित आणि उत्तरांसह आधीच प्रसिद्ध केलेल्या शंभर प्रश्नांपैकी तीस प्रश्नांची उत्तरे सुरुवातीला दूरध्वनीवरून संगणकाला द्यायची असत. उत्तरे आधीच उपलब्ध असलेली अशी परीक्षा पाठांतर मोजते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान आणि दक्षिण कोरिया या देशांच्या नागरिकांना तिच्यातून सूट होती, आणि टोकियोतील माणसाला डच राज्यव्यवस्थेची माहिती मोरोक्कोतील माणसाहून अधिक असते असे कोणीही सिद्ध केलेले नव्हते. त्यामुळे ज्ञान हा या परीक्षेचा खरा निकष होता असे म्हणणे कठीण आहे. युरोपीय न्यायालयाने 9 जुलै 2015 च्या निकालात अशी परीक्षा घेण्यास मुभा दिली, पण ती कुटुंबाच्या एकत्र येण्यात अवाजवी अडथळा ठरता कामा नये असे बजावले आणि परीक्षेचे 350 युरो व अभ्याससाहित्याचे 110 युरो हे शुल्क तसा अडथळा असल्याचे म्हटले. देशात आल्यावर द्यायच्या परीक्षेतील डच समाजाविषयीचा भाग तुलनेने समजूतदार आहे. काम, घर, आरोग्य, शिक्षण, संस्था, राज्यव्यवस्था अशा आठ विषयांवर त्यात छोटी चित्रफीत दाखवून, त्या प्रसंगी कोठे जावे, काय करावे, असे विचारले जाते. हा प्रश्न स्मरणापेक्षा आकलनाच्या जवळचा आहे, जरी त्यातही अपेक्षित वागणूक कोणती हे ठरवणारा परीक्षक असतोच.

नागरिकांची सर्वेक्षणे आणि स्थलांतरितांच्या परीक्षा या दोन मोजण्या शेजारी ठेवल्या की एक विषमता दिसते, ज्याची चर्चा फारशी होत नाही. डच नागरिकाला राज्यसंस्थांविषयी विचारले जाते ते सर्वेक्षणात, जिथे चूक झाली तर नुकसान काही नाही, तर स्थलांतरिताला विचारले जाते ते परीक्षेत, जिथे चूक झाली तर प्रवेश, कायमचा परवाना किंवा नागरिकत्व लांबते. संसदीय निवडणुकांच्या अभ्यासात नमुना घेतला जातो तो मतदारांमधून, म्हणून परदेशी पारपत्र बाळगणाऱ्यांना त्या देशाच्या राजकारणातील काय ठाऊक आहे हे त्यात येतच नाही. तरीही हे लोक कोणत्याच निवडणुकीत मतदार नसतात असे नाही. 1983 च्या घटनादुरुस्तीने वाट मोकळी करून दिल्यानंतर, 1986 पासून, युरोपीय संघाबाहेरचा परदेशी रहिवासी सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केल्यावर नगरपरिषदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो आणि उमेदवारही होऊ शकतो. ॲम्स्टेलवेन किंवा आइंडहोव्हनसारख्या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलेले नाही, त्यांनाही हा अधिकार लागू होतो, आणि शाळांच्या इमारती, सायकलमार्ग, घरबांधणी व वृद्धांची शुश्रूषा यांविषयीचे बरेचसे निर्णय याच नगरपरिषदेत होतात. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांच्या घरी नगरपालिकेचे मतदानपत्र टपालाने येते, ते येण्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागत नाही, आणि ट्वेडे कामरच्या 150 जागांची संख्या ठाऊक नसली तरी त्या पत्रावर छापलेल्या केंद्रावर जाऊन मत देता येते.